कर्जाचा कागद आणि पेरणीचा पैसा



मृग जवळ आला की खेड्यापाड्यांत दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. एक पावसाची आणि दुसरी पैशाची. पाऊस कुणाच्या हाती नाही. पण पैशाची सोय माणसांच्या हातची आहे, आणि तरीही ती दरसाल पावसाइतकीच बेभरवशाची का व्हावी? बियाणे पाहिजे, रासायनिक खत पाहिजे, नांगरटीचे भाडे पाहिजे, भांगलणीची मजुरी पाहिजे. आणि हे सारे पाहिजे ते घरात दाणा आणि गाठीला पैसा सर्वांत कमी असतो तेव्हा. पीक हाती यायला अजून चार महिने असतात. या चार महिन्यांच्या फटीतूनच कर्ज घरात शिरते.

कर्जमाफीचा वाद आपण वर्तमानपत्रांत वाचतो, चावडीवर ऐकतो. एक जण म्हणतो, "कर्ज माफ केल्याशिवाय शेतकरी उभा राहायचा नाही." दुसरा म्हणतो, "आज माफ केलं की उद्या कोणी फेडायचंच नाही." दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. पण हा वाद कालचा नव्हे. तो या महाराष्ट्राच्या मातीत दीडशे वर्षे चालू आहे, आणि त्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. कर्जबाजारी शेतकऱ्यापुढे नेहमी दोन प्रश्न असतात. जुन्या कर्जातून सुटका कशी व्हावी, हा पहिला. पुढची पेरणी कशाने करावी, हा दुसरा. आपल्याकडच्या कायद्यांनी पहिल्या प्रश्नाची पुष्कळ चिंता वाहिली. दुसरा प्रश्न मात्र वारंवार मागे राहिला. ही गोष्ट नीट समजावी म्हणून आपण जरा मागे, १८७५ सालापर्यंत जाऊ.

त्या वर्षी मे महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराचा दिवस होता. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. आसपासच्या गावांतली कुणबी मंडळी बाजाराला जमली आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. लुटालूट झाली, जाळपोळही झाली. पण बारकाईने पाहणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. लोकांना पाहिजे होते ते सावकाराचे दप्तर. कर्जरोखे, गहाणखते, कोर्टाचे हुकूमनामे हाती आले की ते बाहेर काढून जाळायचे. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले, तिथे त्याच्या अंगाला फारसा हात लागला नाही. पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत हेच लोण पसरले. फौज आणि पोलीस आले, शेकडो लोकांना अटक झाली. इतिहासात या घटनेला दख्खनचे दंगे असे नाव पडले.

शिक्षक मंडळींनी इथे मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा. रागावलेली माणसे घर सोडून कागद का जाळतील? याचे उत्तर त्या काळच्या राज्यव्यवस्थेत आहे.

इंग्रजी राज्यापूर्वीही सावकार होता आणि कर्जही होते. पण तेव्हा वसुलीसाठी सावकाराला गावाच्या तोंडाकडे पाहावे लागे. पाटील, पंच, जातगोत यांच्या मर्यादेत त्याला चालावे लागे. दामदुपटीचा रिवाज होता. व्याज मुद्दलाइतके झाले की त्यापुढे मागता येत नसे. इंग्रजी अमदानीत रयतवारी आली, प्रत्येक शेतकरी आपल्या जमिनीच्या साऱ्याला स्वतः जबाबदार झाला. जमीन विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. तिला बाजारभाव आला, तशी सावकाराची नजर पिकावरून जमिनीवर गेली. १८५५ च्या कायद्याने व्याजाच्या दरावरील कायदेशीर मर्यादा उठल्या. दिवाणी कोर्टे आली. कोर्ट तालुक्याला, शेतकरी वीस कोसांवर. समन्स हाती पडले तरी वाचता यायचे नाही. तो हजर नसला की एकतर्फी हुकूमनामा होई. सही-अंगठ्याचा कागद खरा धरला जाई. कागदामागे काय घडले, हे कोर्ट विचारीत नसे.

त्यात १८५९ साली मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आत लावला पाहिजे, असे त्यात ठरले. हेतू चांगला होता. जुनीपुराणी कर्जे उकरून काढू नयेत, हा. पण झाले उलटे. सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि त्यात साठलेले व्याज मुद्दल म्हणून धरू लागला. आता हा हिशेब फळ्यावर मांडून पाहा. समजा, एकाने शंभर रुपये घेतले, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने. तीन वर्षांचे व्याज झाले ७२ रुपये. नवा रोखा १७२ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी तो होतो सुमारे २९६ रुपयांचा, आणि नवव्या वर्षी सुमारे ५०९ रुपयांचा. हातात आले होते शंभरच. प्रत्येक रोखा नवा, म्हणून दामदुपटीची आडकाठीही त्याला लागत नसे. लोकांनी कागद का जाळले, हे या आकड्यांवरून कळते.

पण केवळ सावकाराकडे बोट दाखवून भागायचे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. आगगाडीची कामे चालू होती. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली. मजुरी चढली, धान्याचे भाव चढले. पूर्व पुण्याचा भाग मुख्यतः ज्वारी-बाजरीचा, तरी त्या तेजीचा वारा तिथेही लागला. सावकार मागेल तितके कर्ज देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि काही वर्षांत सारा फुगा बसला. नेमक्या याच सुमारास जमिनीची पहिली तीस वर्षांची जमाबंदी संपत होती. तेजीतल्या भावांकडे पाहून नव्या जमाबंदीत सारा वाढवला गेला. १८६७ साली इंदापूर तालुक्यात ही वाढ निम्म्याहून अधिक होती. भाव उतरलेले आणि सारा चढलेला! सारा रोख भरायचा आणि ठरल्या हप्त्याला भरायचा. मग तो भरायला पैसा आणायचा कुठून? सावकाराकडून. म्हणजे सरकारचा हप्ता सावकाराच्या तिजोरीतून जात होता, आणि त्या बदल्यात शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या कागदावर चढत होती.

दंग्याआधीचा एक प्रसंग बोलका आहे. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी एका सावकाराने गावच्या देशमुखावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर लिलावात दीडशे रुपयांना घेऊन ते पाडायला सुरुवात केली. सारे गाव चिडले. पण तिथे जाळपोळ झाली नाही. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतावर कोणी राबायचे नाही, दुकानातून माल घ्यायचा नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही. ही गोष्ट १८७४ च्या अखेरीची. असहकार हा शब्द आपण पुढे फार मोठ्या अर्थाने शिकलो. पण त्याची एक लहानशी आवृत्ती शिरूरच्या शेतकऱ्यांनी तेव्हाच करून पाहिली होती.

सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. आणि इथे आपल्या विषयातला पहिला मोठा वाद उभा राहिला. दोष कुणाचा, सावकाराचा की साऱ्याचा? कमिशनचा कल कोर्ट-कायदा आणि सावकारी यांच्याकडे बोट दाखवण्याचा होता. पण त्याच कमिशनमधल्या ऑकलंड कॉल्व्हिन या अधिकाऱ्याने वेगळे मत नोंदवले आणि साऱ्याच्या बोज्याकडे लक्ष वेधले. पुण्याच्या सार्वजनिक सभेचेही म्हणणे हेच होते की वाढता सारा आणि त्याची ताठर वसुली शेतकऱ्याला सावकाराच्या दारी ढकलते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याची चिकित्सा आणखी खोलवर नेली. साऱ्यापासून सरकारी कचेरीतल्या नाडवणुकीपर्यंत आणि अविद्येपर्यंत त्यांनी सगळ्याचा जाब विचारला.

दंग्यांच्या पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्या काळाच्या मानाने हा कायदा धीटच म्हटला पाहिजे. कोर्टाने नुसता कागद पाहू नये, कर्जाचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, असे त्याने सांगितले. व्याज अवाजवी असेल तर ते कमी करावे. फेडीला हप्ते बांधून द्यावेत. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. रोखा गावच्या निबंधकापुढे लिहावा. सावकाराने पावती द्यावी. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालच्या न्यायदानाच्या देखरेखीचे काम पुढे कित्येक वर्षे केले.

मग या कायद्याने काय झाले? ज्यांचे खटले कोर्टात गेले त्यांतल्या पुष्कळांना दिलासा मिळाला. तुरुंगाची भीती गेली, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण सावकारानेही वाट शोधली. गहाणखत लिहून घेतले तर कोर्ट खोलात जाते, म्हणून तो खरेदीखतच लिहून घेऊ लागला. "पैसे फेडलेस की जमीन परत देईन" हे तोंडी. कागदावर मात्र विक्री. आणि ज्याच्याजवळ लिहून द्यायला जमीन नव्हती, त्याला कर्ज मिळणेच अवघड झाले. कायद्याने सावकाराचा हात धरला, हे योग्यच केले. पण ज्या हाताने पेरणीला पैसा मिळत होता तोही तोच हात होता. दुसरा हात कोणीच पुढे केलेला नव्हता.

तो पुढे करण्याची एक योजना मात्र त्याच वेळी पुण्यात तयार झाली होती, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सर विल्यम वेडरबर्न हे पुण्यात न्यायाधीश होते; पुढे ते राष्ट्रीय सभेचेही अध्यक्ष झाले. त्यांनी १८८२ च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी पेढी काढण्याची कल्पना मांडली. एका तालुक्यात प्रयोग करायचा. तालुका ठरला पुरंदर. आधी जुनी कर्जे तडजोडीने मिटवायची आणि मग पेढीने रास्त व्याजाने नवे कर्ज द्यायचे. म्हणजे आपले दोन्ही प्रश्न, जुन्या कर्जाचा आणि नव्या पेरणीचा, एकाच योजनेत होते. लॉर्ड रिपन यांच्या हिंदुस्थान सरकारने तिला अनुकूलता दाखवली. पण १८८४ साली लंडनहून भारतमंत्र्यांच्या कचेरीने नकार कळवला आणि योजना बारगळली. त्याऐवजी मिळाली ती तगाई. जमीन सुधारण्यासाठी १८८३ चा कायदा आणि बी-बैलांसाठी १८८४ चा. तगाई दुष्काळात उपयोगी पडली, पण अर्ज, चौकशी, जामीन, मंजुरी यांत दिवस जात, आणि वसुली महसुलाच्या कडकपणाने होई. सावकार रात्री दार ठोठावले तरी पैसे देत असे, हे त्याचे बळ होते. ते सरकारी कचेरीला कसे साधणार?

त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. पुन्हा जमीन सावकारांकडे जाऊ लागली. १९०१ साली मुंबई सरकारने एक विधेयक आणले. सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा हक्क काढून घ्यायचा, असे त्याचे स्वरूप होते. वरून पाहता हे शेतकऱ्याच्या हिताचे. पण कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले, फिरोजशहा मेहता प्रभृतींनी त्याला कसून विरोध केला, आणि शेवटी ते सभात्याग करून बाहेर पडले. जमीन गहाण टाकता येत नसेल तर शेतकऱ्याला पत कुठून मिळणार, आणि जमिनीवरचा त्याचा धनीपणा तरी काय उरणार, हा त्यांचा प्रश्न होता. सारा कमी न करता, पैशाची दुसरी सोय न करता नुसते बंधन घालणे त्यांना मान्य नव्हते.

दुसऱ्या सोयीची सुरुवात झाली ती १९०४ सालच्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याने. जर्मनीत रायफायझन नावाच्या एका गावप्रमुखाने एकोणिसाव्या शतकात खेड्यांतून पतसंस्था काढल्या होत्या. एकट्या शेतकऱ्याला पत नसते. पण एका गावची माणसे एकमेकांना जामीन राहिली तर त्यांना पत येते, हे त्याचे साधे सूत्र. कोण कष्टाळू, कोण उधळ्या, हे गावाला ठाऊक असते. १९११ साली मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. तिच्यामागे सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास होते. गावोगाव सोसायट्या निघाल्या. सोसायटी हा इंग्रजी शब्द आपल्या खेड्यांनी असा आपलासा केला की आज तो परका वाटतच नाही.

आता पन्नास वर्षे पुढे येऊ. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने सबंध देशात ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. ए. डी. गोरवाला तिच्या समितीचे अध्यक्ष आणि धनंजयराव गाडगीळ तिचे एक सदस्य होते. १९५१-५२ सालच्या स्थितीचा हा अहवाल १९५४ मध्ये निघाला. शेतकऱ्याने घेतलेल्या शंभर रुपये कर्जांपैकी सहकारी संस्थांनी दिलेले होते अवघे तीन रुपये आणि वर काही पैसे. सरकारी तगाईचेही तितकेच. पेशाने सावकारी करणाऱ्यांचे जवळजवळ पंचेचाळीस रुपये आणि शेतीबरोबर सावकारी करणाऱ्यांचे सुमारे पंचवीस. या शेवटच्या आकड्याकडे विशेष लक्ष द्या. सावकार म्हणजे कुणी परगावचा, परजातीचा माणूस, हा समज यातून गळून पडतो. गावातलाच सधन शेतकरी आपल्या शेजाऱ्याचा सावकार होता. दोष जातीत नव्हता. एकाजवळ फटीच्या महिन्यांत पैसा असणे आणि दुसऱ्याजवळ नसणे, यात तो होता.

पन्नास वर्षे राबूनही सहकार तीन टक्क्यांवर का राहिला? सोसायटी कर्ज देई ते जमिनीच्या तारणावर, म्हणून लहान शेतकरी आणि कूळ बाहेरच राहिले. सोसायटी पैसा देई, पण माल विकत घेत नसे. माल सावकाराच्याच दुकानी जाई आणि तो ठरवील त्या भावाने जाई. समितीने म्हणूनच सांगितले की पत, माल साठवण्याची वखार आणि विक्री यांची सांगड घातली पाहिजे, आणि सरकारने सहकारात भागीदार झाले पाहिजे. याच अहवालाच्या शिफारशीतून १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

या सांगडीचा वस्तुपाठ महाराष्ट्रात आधीच सुरू झालेला होता, आणि तोही दंगे झालेल्या अहमदनगर जिल्ह्यातच. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली गावात पतपेढी काढली होती. पुढे त्यांनी, धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली, शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या काठी त्याचे पहिले गाळप झाले. यातले मर्म पाहा. कर्ज उसावर मिळते, ऊस आपल्याच कारखान्यात जातो, आणि उसाच्या बिलातून कर्ज कापले जाते. फेडीची वेळ आणि पैसा येण्याची वेळ एक झाली. १८६७ मध्ये साऱ्याच्या हप्त्याने जी विसंगती निर्माण केली होती, ती इथे नाहीशी झाली.

पण कालव्याच्या पाण्यावरच्या उसाला जे साधले ते कोरडवाहू ज्वारी-कापसाला साधले नाही. उसाला पाणी निश्चित, गिऱ्हाईक निश्चित. विदर्भातल्या कापसाला आणि मराठवाड्यातल्या तुरीला यातले काहीच निश्चित नाही. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ पासून प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या, १९८२ साली नाबार्ड स्थापन झाली, १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड आले. पैसा पुष्कळ आला. पण पाऊस बुडाला की बँकेचे कर्जसुद्धा थकतेच. थकले की नवे मिळत नाही. नवे मिळाले नाही की माणूस पुन्हा खासगी दारी जातो. २००० नंतरच्या दशकात विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनी सारा देश हादरला, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही चक्र होते.

मग आली कर्जमाफी. १९९० साली केंद्र सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतची थकलेली कर्जे माफ केली. २००८ साली दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांची थकबाकी पूर्ण माफ झाली. त्याहून मोठ्या शेतकऱ्याला एकरकमी फेडीवर चौथाई सूट मिळाली. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली दीड लाखांपर्यंतची आणि २०१९ च्या अखेरीस दोन लाखांपर्यंतची माफी जाहीर केली. या माफ्यांनी लाखो घरांचा श्वास मोकळा केला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण मर्यादाही दिसल्या. २००८ च्या अटीत विदर्भातला तीन-चार हेक्टर कोरडवाहूचा धनी पूर्ण माफीच्या बाहेर राहिला. त्याचे उत्पन्न मात्र दोन एकर बागाइतवाल्याहून कमी. खासगी सावकाराचे कर्ज त्या माफीत आलेच नाही. आणि २०१३ साली महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की पात्र माणसे वगळली गेली आणि अपात्र माणसांना लाभ मिळाला, अशी उदाहरणे कमी नव्हती.

तेव्हा आता आजचा हिशेब मांडू. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातली निम्मी शेतकरी कुटुंबे कर्जात असल्याचे आढळले. त्यांच्या शंभर रुपये कर्जांपैकी सुमारे सत्तर रुपये बँका, सहकारी संस्था आणि सरकार यांचे होते. पेशाच्या सावकारांचे वीस रुपयांवर काही पैसे. १९५१-५२ मध्ये दोन्ही तऱ्हेच्या सावकारांचे मिळून सत्तर होते, आता संस्थांचे सत्तर आहेत. दोन्ही पाहण्यांची मोजणी अगदी सारखी नाही, तरी बदल फार मोठा आहे, यात शंका नको. ज्यांनी सोसायट्या चालवल्या, बँका खेड्यांत नेल्या, त्यांचे हे यश आहे. पण कागद सावकाराच्या दप्तरातून बँकेच्या संगणकात गेला म्हणून कोरडवाहू शेतीचा धोका गेला असे नाही. तो अजून एकट्या शेतकऱ्याच्याच माथी आहे.

म्हणून कर्जाच्या वादात पडताना आपण तीन उपाय वेगवेगळे ओळखावेत. कागदाला लगाम घालणे, हा पहिला. १८७९ च्या कायद्यापासून २०१४ च्या महाराष्ट्रातल्या सावकारी नियंत्रण कायद्यापर्यंत तो चालत आला. कागद फाडणे, हा दुसरा. त्याचे आजचे नाव कर्जमाफी. आणि पेरणीचा पैसा वेळेवर देऊन त्याची फेड पिकाच्या येण्याशी जुळवणे, हा तिसरा. पहिल्या दोहोंनी माणूस मागच्या खड्ड्यातून वर येतो. तिसरा नसला तर पुढच्याच खरिपात तो पुन्हा त्याच खड्ड्यापाशी येऊन उभा राहतो. आणि तिसरासुद्धा टिकायचा असेल तर बुडालेल्या वर्षाचा भार वाटून घेणारे काहीतरी हवे. पीक विमा, शेततळे, वखारीत माल ठेवून त्यावर मिळणारी उचल, हमीभावाची खरी खरेदी, ही त्याची साधने आहेत. विम्याची भरपाई पुढच्या पेरणीआधी मिळाली तरच ती कामाची. दिवाळीनंतर मिळणारा पैसा मृगातल्या शेतकऱ्याला सावकारापासून वाचवू शकत नाही.

फेडायची सवय मोडते, असे जे म्हणतात त्यांच्या बोलण्यातही तथ्य आहे. वेळेवर फेडणाऱ्याला आपण मूर्ख ठरलो असे वाटू लागले, तर सोसायटीचा पायाच हलतो. कारण सोसायटी उभी असते ती शेजाऱ्याच्या भरवशावर. पण ज्याचे पीक खरोखर बुडाले त्याला नादार म्हणून बाजूला सारणे हाही न्याय नव्हे. बुडाले त्याला सूट आणि बुडवले त्याला तगादा, हा भेद गावाला करता येतो; दूरच्या कचेरीला नाही. रायफायझनच्या त्या जुन्या सूत्राचा अर्थ आजही तेवढाच आहे. म्हणून गावच्या सोसायटीची वार्षिक सभा ही नुसती चहापाण्याची बैठक होऊ देऊ नका. तिथे ताळेबंद वाचला जातो का, कर्जवाटप मेअखेर होते का, कोरडवाहूवाल्याला आणि बाईच्या नावे सातबारा असेल तर तिलाही कर्ज मिळते का, हे विचारा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेत मुलांकडून आपापल्या घराचे बारा महिन्यांचे पैशाचे पंचांग करून घ्या. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत घर कोणत्या महिन्यात किती खर्च करते आणि कोणत्या महिन्यात किती मिळवते, एवढेच दोन रकान्यांत मांडायचे. नावे नकोत, आकडे ढोबळ चालतील. ज्या महिन्यांत खर्चाचा रकाना भरलेला आणि मिळकतीचा रिकामा दिसेल, तिथे मुलांना बोट ठेवायला सांगा. बहुतेकांचे बोट ज्येष्ठ-आषाढावर येईल. सुप्याच्या बाजारातल्या माणसांनी कागद जाळले तो महिनाही मेचा, पेरणीच्या तोंडाचा होता, हे मग त्यांना सांगा. इतिहासाचा हा धडा त्यांच्या कायम लक्षात राहील; आणि उद्या यांतलाच कोणी सोसायटीचा सचिव, बँकेचा अधिकारी किंवा आमदार झाला, तर कर्जाचा कोणताही ठराव पुढे आल्यावर तो आधी विचारील की हा पैसा शेतकऱ्याच्या हाती कोणत्या महिन्यात पडणार.